पाच, तीन, दोन

रोहूच्या जबड्यात दात नसतात.
हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं,
मंगळवारी बाजारात, सकवारबाईच्या ओट्यासमोर.
आणि मी सव्वीस वर्षं डेंटल कॉलेजात दात घासतोय,
म्हणजे सकाळचे नव्हे,
उपटलेले दात, दगडावर, कागदाहून पातळ होईस्तोवर,
पोरांना परीक्षेला काचेखाली दिसावेत म्हणून.

"गळ्यात असते त्याचे," ती म्हणाली,
आणि कल्ल्याआड दोन बोटं घालून
तुटक्या पैंजणासारखं एक वाकडं हाड ओढलं.
त्यावर तीन रांगा. पाच, तीन, दोन.
मोजली तिच्या नातीनं, आचलनं,
माझ्याआधी आणि न बघता.
तिच्याकडे बामच्या डबीत असले पुष्कळ आहेत, खेळायला.
एक दिला तिनं मला. वर बजावलं,
"वापस आणजा, काका. मोजेल हायेत."

घासायला घेतला तेव्हा हे ध्यानात नव्हतं.

बाहेर टोपी: इनॅमल म्हणावं तर नाही,
आपल्या इनॅमलमध्ये धागा उरत नाही,
इथे आधी आतल्या पेशींनी धागे ताणले,
मग बाहेरच्यांनी चुना भरला,
दोन घरच्या बायकांनी मिळून वाळवण घातल्यासारखं.
खाली डेंटिन, त्यात केसाहून बारीक नळ्या,
मध्ये पोकळी, जिथे कधी रक्त होतं.
कॅल्शियम, फॉस्फेट. तेच, जे माझ्या दाढेत आहे
आणि माझ्या बापाच्या राखेत होतं.
आणि हाडात, मुळाशी, एक नवा दात
कळीएवढा, वाट बघत.
रोहूचे झिजतात, पडतात, पुन्हा येतात,
मरेपर्यंत.

कॉलेजच्या कपाटात एक काळा दात आहे,
टाकळीकडच्या मातीतला,
लाव्हा या शहरावर पसरायच्या आधीच्या कुठल्या माशाचा.
मासा गेला, पाणी गेलं, दात राहिला.
जमिनीत पडल्या पडल्या तो फ्लोरिन पीत गेला
थेंब थेंब, लाखो वर्षं,
आणि टणक होत गेला.
शार्कच्या दाताला तर ते जितेपणीच मिळतं.

आचल हसते तेव्हा ओठ मिटून हसते.
तिच्या आईच्या गावी बोअरिंगचं पाणी आहे,
त्यातही तेच.
दात घडत होते तेव्हा घडतानाच शिरलं,
पुढच्या चारांवर तपकिरी पट्टे,
ब्रशनं जात नाहीत, कोळशानं जात नाहीत.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी काच घेऊन गेलो.
दात नव्हता, दाताचा एक पापुद्रा होता,
कॅनडा बाल्समात बुडवलेला, कडेला लेबल.
तिनं सूर्याकडे धरली, एक डोळा मिटला.
"याच्यात तं काईच नाई."
मी म्हटलं, असं उघड्या डोळ्यांनी नाही दिसत.
"म्हंजे तुमी घासून टाकला."
"हो."
डबी उघडली, मोजले, बंद केली.
"रोहूले नवा येते ना?"
"येतो."
"आन् मले?"

मागच्या ओट्यावर कोणीतरी बर्फ फोडत होतं.
अकरा वर्षांची पोर. दुधाचे केव्हाच पडलेले.
मी सव्वीस वर्षांतला एकही दात
तोंडात धरून बोलू शकलो नाही.

सकवारबाईनं पाटावर पाणी ओतलं,
विळी सरळ केली,
"डोकं घेता का आज, साहेब?
गोसेखुर्दचा हाये. गळ्यासकट देतो."