बेस्टपैकी

फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या:
गुड, बेटर, बेस्ट.
तिसरीवर खडू टेकवून म्हणाले,
इथं गच्ची लागली. पुढं जिना नाही.

मार्चअखेर. अशोक चौकामागची शाळा,
पत्रा तापून टकटक वाजतोय.
मागच्या बाकावरून नरसिंगचा हात वर:
बाई, मग 'सगळ्यात बेस्ट' कुठं ऱ्हातं?

पोरं हसली. मला हसता आलं नाही.
खरंच की, त्या गच्चीवर आपण
पाण्याची टाकी बांधली, लय बेस्ट,
टाकीवर अँटेना, एकदम बेस्ट,
आणि तिथं चढून कुणीतरी
खालच्याला हाक मारतो, बेस्ट बे!

पुस्तक म्हणतं, बेस्ट एकच असतो,
त्याच्या आधी 'द' लावावा,
पाटलाच्या डोक्यावर पटका असावा तसा.
आमच्या गावात तो बोडकाच फिरतो.
या टपरीचा चहा बेस्ट, समोरचाही बेस्ट.
गळू फुटलं, आता बेस्ट वाटतंय.
पोरगी कशी आहे सासरी?
बेस्ट.
हे शेवटचं ज्या घाईनं म्हणतात
त्या घाईचा अर्थ डिक्शनरीत नाही.

वाक्यं करा म्हटलं.
माय फादर इज बेस्ट, माय सोलापूर इज बेस्ट.
लाल शाईनं मी प्रत्येकात 'द' खुपसत गेले.
अंबिका येमूलनं मराठीतच लिहिलं होतं:
'आई म्हणते बेस्टपैकी पानं बघून काढ.'

तेंदूची पानं.
ब्रँचमधून पुडा येतो, निम्मी भोकाची.
त्यातली बरी निवडायची,
भिजवायची, कापायची, हजार वळायच्या.
तपासणारा मूठभर छाट काढतो.
छाटीचे पैसे नसतात.

पैकी.
मराठीच्या सरांना विचारलं.
शब्दयोगी अव्यय, विभागवाचक, म्हणाले,
आणि डब्यातली शेंगाचटणी पुढं केली.
पण जो एकटाच आहे
त्याच्यातून निवडायचं कसं, सर?
सर भाकरी मोडत होते.

आमच्या घरात टॉवेल सेकंडचे,
धागा सुटलेला, किनार तिरकी.
चांगला माल खोक्यात बसून बंदराकडं जायचा.
वडील पॅकिंगला. आठ तास घड्या.
सत्तावीस वर्षांत एकदाही
तोंडाला लावून बघितला नाही त्यांनी.
कसा असतो, विचारलं
तर हाताच्या पाठीला हात घासून म्हणायचे,
बेस्ट असतो.

अंबिकाच्या वाक्याखाली रेघ मारली.
बरोबरची की चुकीची, ठरवलं नाही.
घंटा झाली. दप्तर पाठीवर टाकत
ती टेबलाशी थांबली.
बोटांना तंबाखूचा वास.
बाई, माझं कसं होतं?

बेस्ट, म्हणाले मी,
आणि घाईनं फळा पुसायला लागले.