शेरा

समुद्र इथून पश्चिमेला आहे, कावळ्याच्या वाटेनं
जेमतेम ऐंशी किलोमीटर.
ब्रह्मगिरीच्या माथ्यावर एखाद्या संध्याकाळी
वाऱ्याला खारट वास येतो, असं गांगुर्डे म्हणायचे.
मला कधी आला नाही.
तिलाही आला नसावा,
नाहीतर एवढ्या जवळचा समुद्र सोडून
अख्खं दख्खन तुडवत पूर्वेला कोण जाईल?
त्याच डोंगराची दुसरी लेक, वैतरणा,
सरळ कोकणात उतरली, लवकर पोचली, सुटली.
मधे एक काळ्या दगडाची धार आहे.
नकाशात तिला जलविभाजक लिहितात.
गांगुर्डे म्हणायचे, वाटणी.

त्यांच्यानंतर मी पातळी वाचते.
पुलाच्या खांबाला पट्टी, पांढऱ्यावर काळे आकडे.
रोज सकाळी आठला, पुरात दर तासाला.
आता सेन्सरही बसलाय,
पाव तासाला एकदा बोलतो,
आणि जलपर्णी अडकली की बिनदिक्कत खोटं बोलतो.
मग साहेबांचा फोन : जरा बघून या.

शहर काही माझी पट्टी वाचत नाही.
शहर दुतोंड्या मारुती वाचतं.
पोटऱ्या बुडाल्या : टपऱ्या हलवा.
कंबर बुडाली : भांडीबाजार रिकामा करा.
"ताई, पाणी कुठवर?"
मी क्युसेक सांगते.
पलीकडे नुसती घरघर.
"छातीला लागलंय," मी म्हणते.
"हां, असं सांगा की!"

बाकीचे दहा महिने कुणी विचारत नाही.
त्र्यंबकात ती स्लॅबखालून चालते,
वरून माणसं पेढे घेत जातात,
खाली कोण आहे याचा पत्ता नसतो.
सोमेश्वराला दगडावरून थोडी पडते, थोडी हसते.
पुढे नासर्डी येऊन मिळते, पांढरा फेस घेऊन,
आणि दोघी काही न बोलता चालू लागतात.
घाटावर कुंडांच्या तळाशी काँक्रीट.
त्याच्याखाली म्हणे अजून झरे आहेत.
मे महिन्यात कुंडं कोरडी पडली
तेव्हा एका भेगेजवळ मी हात ठेवला होता.
गार होतं.
नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

शेवटचा रकाना तेवढा मोकळा असतो : शेरा.
गांगुर्डे त्यात काहीही लिहून ठेवत.
"बगळे बारा."
"पाण्याला डाळीच्या आमटीचा रंग."
"एक बाई बराच वेळ बसली, मग उठून घरी गेली. बरं झालं."
तीस वर्षांच्या वह्या.
ऑडिटला आलेल्या माणसानं हे काय म्हणून विचारलं
तर म्हणाले, नदी.

यंदा दिवाळीच्या आधी खाली पाणी सोडायचा हुकूम आला.
गेटवर माणसं आडवी झोपली,
द्राक्षवाले, आमच्याच गल्लीतले दोघे,
हक्काचं पाणी, घोषणा, पोलिसांची गाडी.
मी खांबाशी उभी.
आकडा हळूहळू चढत होता,
आणि खिशात फोन थरथरत होता.
हिरा. माझी धाकटी. कायगाव टोक्याला दिलेली.
"सुटलं का गं तुमचं पाणी?"

तुमचं.
एका आईच्या दोघी,
एका न्हाणीत वाढलेल्या,
आणि मधे ही काळी धार कधी आली?

"सुटलं," म्हटलं. "नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघत थांबलं नाही
तर तीन दिवसांत येईल."
ती हसली नाही.

चौथ्या दिवशी तिनं फोटो पाठवला.
गढूळ काठ, तिची म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात,
शिंगात अडकलेली जलपर्णी.
खाली लिहिलं होतं :
पाण्याबरोबर तुमचा कचरा पण आला. ठेवून घेतलाय.

सकाळी आठ.
पातळी काल होती तीच.
हवा स्वच्छ, सेन्सर चालू.
शेरा :
खंड्या एक.
काल खाली पोचलं.