तीन डॉलरची चौकट

फ्लिंट, मिशिगन. फेब्रुवारी.
माझं दुकान डॉर्ट हायवेवर,
गादीवाला आणि बंद पडलेली व्हिडिओ लायब्ररी यांच्या मध्ये.
खिडकीत निऑनचं 'टॅक्स', त्यातला शेवटचा एक्स विझलेला.
या दिवसांत अख्खं गाव माझ्याकडे येतं
बुटांच्या खोक्यात पावत्या घेऊन,
आणि खुर्चीत बसता बसता तेच विचारतं:
वाचवायचं का त्यांना, आपल्या पैशांनी?

परवा लॉयल हॅकेट आला. त्याची लाँड्री होती.
म्हणाला, माझी बारा मशिनं बंद पडली
तेव्हा वॉशिंग्टनहून कोण आलं होतं?
आजवर उंटावरून शेळ्या हाकल्या,
आता विमानातून उतरून हात पसरतात!
खोटं नव्हतं ते.
मी मान हलवत त्याची बुडीत खात्याची ओळ भरली.
त्या बारा मशिनांत इतकी वर्षं कुणाच्या डगल्यांचं ग्रीस धुतलं जायचं,
हा विषय मात्र
त्यानंही काढला नाही, मीही नाही.

आज व्हर्नेल टिब्स.
सव्वीस वर्षं पुढचं उजवं दार बसवलं तिनं,
फक्त पुढचं, फक्त उजवं.
आता तो खांदा कानाच्या वर जात नाही.
कोट काढताना मला उठावं लागलं.
यंत्राला घसारा मिळतो, दरसाल, कायद्यानं.
खांद्यासाठी मी फॉर्म उलटापालटा केला.
ओळ नाही.

'त्यात माझे किती?' तिनं विचारलं.
म्हणजे तिच्याच कारखान्याला
तिच्याच खिशातून किती.
मी कॅल्क्युलेटर ओढला. एकूण रक्कम, भागिले माणसं.
साधारण एक टायर, म्हटलं. बसवणावळ वेगळी.
ती हसली, मग हसली नाही.
'आणि वर बसून चुकीच्या गाड्या काढायला सांगणारे?
त्यांच्या वाट्याला काय?'
सुक्याबरोबर ओलंही जळतं, आई म्हणायची.
इथं सुकं बोनस घेऊन फ्लोरिडाला गेलंय,
ओलं माझ्यासमोर बसलंय, चष्मा पुसत.
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.
मी सही कुठं करायची ते दाखवलं.

फॉर्मवर, अगदी वरच्या बाजूला, एक चौकट असते:
निवडणुकीच्या निधीत तुमचे तीन डॉलर जावेत का?
तेवढंच विचारतात.
तोफा, पूल, बँका, दुसऱ्याच्या चुका,
कशालाच चौकट नाही.
व्हर्नेलनं ती कोरी ठेवली.
'तीन डॉलरला विचारतात,' म्हणाली, 'टायरला नाही.'

बाहेर बर्फ काळा पडलेला.
माझी गाडी जपानी. मी ती मागे लावते, कचऱ्याच्या डब्याआड.
युनियनच्या हॉलवर पाटी आहे, परदेशी गाड्या उचलल्या जातील.
तिनं बघितलीच.
काही न बोलता पुढचं उजवं दार उघडलं,
डाव्या हातानं लावलं. कान दिला.
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
'नीट बसवलंय,' म्हणाली, 'कुणीतरी.'
आणि बसस्टॉपकडे गेली.

लॉयलचं बरोबर आहे. मी तसं म्हणतेही.
टायर देऊन टाकावा, हेही म्हणते,
दोन्ही एकाच दिवशी, माणूस बघून.
रात्री स्वतःचा फॉर्म भरताना
समासात पेन्सिलीनं एक चौकट काढली.
शेजारी लिहिलं: टायर, एक.
खूण केली नाही. खोडलंही नाही.

निघताना गाडीचं दार दोनदा लावलं.
पहिल्यांदा लागलं होतंच.