खाल्ल्या मिठाला

तिसऱ्या शनिवारी पुन्हा आली मर्लडीन अपॉलिस,
मासळीच्या कारखान्यातून थेट, पांढरे गमबूट तसेच पायात.
दोन्ही रिळं काउंटरवर ठेवायला लावली, म्हणाली,
"बोलू नकोस हं, एल्रिको. आज मला ऐकू दे."

मी गप्प. गान्सबायच्या वाऱ्याला कोण सांगणार?
दाराची साखळी वाजतच राहिली.

निळं जपानी.
पाणी शिरणार नाही, अशी शपथ खोक्यावरच छापलेली.
अर्ध्या पावाइतकं वजन. हँडलला टिचकी मारली
की फिरत राहतं, फिरत राहतं,
आणि लहान पोराला झोप लागावी तसं थांबतं.

काळं म्हणजे ठोकळा.
फिरवताना दातओठ खातं.
पाठीवर चार स्क्रू, उघडे, कुणीही पाहावेत असे.

तिनं दोघांना कान लावला,
कलिंगड घेताना लावतात तसा.
मग दोरीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाली,
"तू कॉब हो. पळ."

मी पळालो. बेकरीपर्यंत, तिथून पुढे पोस्टापर्यंत,
टपालाच्या रांगेतले लोक हसले, एक कुत्रं मागे लागलं.
निळ्यानं मला जाऊ दिलं, जाऊ दिलं,
धरलंय हे कळलंसुद्धा नाही, फक्त पाय जड होत गेले.
काळ्यानं आधी हिसका दिला.
तळहातावर ही रेघ उमटली ती त्याचीच.

परतलो तेव्हा ती बापाबद्दल बोलत होती,
मला की रिळांना, ठाऊक नाही.
त्याचं रीळ लाकडाचं, ताटाएवढं.
ब्रेक नव्हता त्याला, तळवा टेकवायचा,
मासा मोठा असला की घरात जळक्या कातडीचा वास.
रोज रात्री वर्तमानपत्रावर सगळं सुटं करायचा,
रॉकेलच्या वाटीत एकेक भाग बुडवायचा,
आणि मुलींनी हात लावलेला चालायचा नाही.

"मीठ आत जाणारच," ती म्हणाली.
"यंत्रं खाल्ल्या मिठाला जागत नाहीत रे,
खातात आणि झोपी जातात.
हे निळं झोपलं तर उठवायचं कुणी?"

मी उलटं करून पाहिलं. चांदणीच्या आकाराचे स्क्रू.
त्याची चावी आमच्याकडे नाही.
केप टाउनला पाठवावं लागतं, सहा आठवडे.
हे मी पहिल्या दोन शनिवारी सांगितलं नव्हतं.

काळ्यावर दोनशे रँड ठेवले तिनं,
बाकीचे नाताळपर्यंत, हप्त्यानं.
पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहून मी रिळाला बांधलं,
ते तिनं वाचलं, 'अपॉलिस'मधला एक 'प' मी खाल्ला होता,
तो पेननं घातला.

दारापर्यंत गेली. गमबुटांचे ओले ठसे.
मग वळली, "ते दुसरं एकदा फिरवू?"

फिरवलं.
दुकानात आम्ही दोघंच,
ते थांबेपर्यंत उभे.