धरून की सोडून

पाकिटावर पत्ता इतकाच होता :
ब्रुगनझीक, नंदुरबार, खानदेश.
सॉर्टिंगला सगळे हसले.
मी सत्तावीस वर्षं या गावात पत्रं वाटतो.
एका गल्लीत अकरा आर. के. पाटील,
तिथं चुकतो कधीकधी.
या नावाला चुकायला जागाच नाही.

घर एकच.
रेशनकार्डावर बुरगनशेख,
म्हणून साहेबानं विचारलेलं, नमाज कुठं पढता?
लाइटबिलावर बुरगुंडे.
शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी हात टेकले
आणि लिहिलं : जर्मन.
चर्चच्या वहीत तेवढं नीट,
शाई विटली, काना-मात्रा जागच्या जागी.

एस्तेरबाई पथारीवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या.
मी तोंडाला रुमाल बांधून वाचलं.
कोणी डीटर म्हणून, रिटायर माणूस,
आपल्या आडनावाची माणसं मोजतोय.
तिकडं उत्तरेला दोन तालुक्यांत मिळून चव्वेचाळीस.
अमेरिकेत अकरा.
ब्राझीलमध्ये एक कुटुंब होतं, पत्र परत आलं.
लढायांत पुष्कळ गेले, आणि मुली फार झाल्या, लिहितो.
अर्थ : पुलाजवळची पाणथळ.

"म्हंजे मोरीजोडेना गारा," बाई म्हणाल्या,
"आम्ही आते बी तठेच राहतस."

तो पणजा पूल बांधायला आला असता
तर गोष्ट जमली असती.
पण तो आला जिनाचा बॉयलर बसवायला,
कापसाच्या हंगामापुरता, आणि राहिला.
मग लढाई लागली. साहेबांनी त्याला नगरला नेलं,
तारेच्या कुंपणात.
जाताना एका कागदावर
त्यानं बायकोला आपलं नाव लिहून दिलं.
तिला वाचता येत नव्हतं.
तिनं ते गिरवलं,
चुलीपुढं, राखेत, वर्षभर,
आणि पोराला लावलं.

डीटर विचारतो : हिंदुस्थानात आपण किती?

बाईंनी बोटं मोजली, लाल, जळजळणारी.
एक मी.
भाऊ सुरतेला, मिलच्या हजेरीत नाव बसेना
म्हणून तो आता नुसता जॉनभाई.
भाचीचं लग्न झालं.
शांतवन गेला, पण दगडावर नाव शे.
"दगड धरीसन का सोडीसन?"

पत्रात तसं काही नव्हतं.

मुकादम दोनदा ओरडला.
बाई देठ खुडत राहिल्या, मग थांबल्या.
"ती बाईनं नाव काय व्हतं?"
कुठली बाई?
"जिनी गिरवं."
ते कुणालाच ठाऊक नाही.
चर्चच्या वहीत तिथं नुसतं 'पत्नी' आहे.

"तिले धर," म्हणाल्या. "लिख, दोन."

मी आकडा घातला.
सही त्यांनी स्वतः केली,
एकेक अक्षर दाबून,
कागदाला बोटांचं तिखट लागलं
ते तसंच पाकिटात गेलं.

तिकडं उघडतील तेव्हा
शिंकतील बहुतेक,
चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस.