चकार

पान एकतीस. रात्रीचे पावणेअकरा.
हरिपुरात वीज जाऊन आली,
राउटरचा हिरवा डोळा दोनदा मिचकावला.
माझं काम ठरलेलं: स्वल्पविराम, संदर्भाचे आकडे,
एकाच वस्तूला दोन नावं पडली असली तर एक पुसणं.
सहाव्या कलमातली ‘किल्ली’
नवव्यात ‘गुपित’ होते, अकराव्यात नुसतीच ‘ती’.
ती कोण? असा शेरा मारला समासात.
अर्थाला हात लावायचा नाही,
इल्मारीनं पहिल्याच बैठकीत बजावलंय.
अर्थवाले वेगळे. ते मतं देऊन मोकळे झालेत.

मसुदा कशाचा, हे खालच्या तातोबा नलवड्यांनी विचारलं होतं.
म्हटलं, दार उघडायच्या आधी
दोन यंत्रं एकमेकांना ओळख पटवतात, त्याचे नियम.
“आत्ताचं कुलूप वाईट आहे व्हय?”
वाईट नाही. पण पुढं एक यंत्र येईल म्हणतात,
भुईमुगाच्या शेंगेसारखं फोडेल ते.
“मग तवा बदला की.”
तसं नाही. चोर आजच भरून नेतोय,
बंद पेट्याच्या पेट्या.
उघडत नाहीत, तरी नेतोय.
थांबायची तयारी आहे त्याची.

तातोबा हसले नाहीत.
“पेव म्हणा की,” म्हणाले.

तीस वर्षं ते हळदीच्या पेवांत उतरले.
खाली पाला, वर हळद, तोंडावर फरशी, फरशीवर माती.
भाव येईस्तोवर जमीन तोंड मिटून.
पाच वर्षांनी काढली तरी किडीचं भोक नाही.
(मग पुराचं पाणी शिरलं. ते वेगळं.)
फरशी सरकवली की दिवसभर उघडं ठेवायचं,
दोराला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.
“मुकादम म्हणायचा, कंदील बघून उतरावं.
उतरावं, म्हणायचा.
गाडी उभी होती, बिरूला घाई.”
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
सुपारी कातरत राहिले,
खायची होती त्यापेक्षा बरीच जास्त.

तर पान एकतीस, तिसरा परिच्छेद:
समोरच्याला नवं कुलूप येत नसेल
तर जोडणी तोडावी.
तोडावी. शुड.
म्हणजे कुठंतरी कुणीतरी तोडणार नाही.
यंत्र गुपचूप जुन्या कुलपावर येईल
चकार शब्द न काढता,
आणि पडद्यावर ‘स्वागत आहे’.

इंग्रजीला त्यासाठी दुसरं क्रियापद आणावं लागतं.
आपल्याकडं एक अक्षर पुरतं:
तोडावीच.
शेपटाला लटकलेला च.
हा व्याकरणात मोडतो की अर्थात?

शेऱ्याच्या नमुन्यात दोन चौकटी: संपादकीय, तांत्रिक.
पहिलीत खूण करायला मला कारण हवं होतं.
एक वाजेपर्यंत शोधलं.
पान आठ, आकृतीखालची बारीक ओळ:
‘अशा वेळी जोडणी तुटते.’
तुटते! म्हणजे विसंगती. म्हणजे माझा प्रांत.
खूण केली, पाठवलं,
चोरानं हात धुवावेत तसे हात धुतले.

इल्मारीकडं अजून संध्याकाळ होती. लगेच उत्तर आलं:
छान पकडलंस.
आकृतीखालची ओळ बदलू, ते सोपं पडेल.

ओळ बदलली.
‘अशा वेळी जोडणी तुटू शकते.’
आता विसंगती उरली नाही.

मी नमुना पुन्हा उघडला.
दुसरी चौकट.
नाव. हुद्दा: संपादक (फक्त भाषा).
कारण: या रकान्यात अडीचशे अक्षरं मावतात.
बिरू दोन अक्षरांत मावतो.
ते लिहिलं नाही.
लिहिलं, ‘तोडावी’ वाचणारा घाईत असतो.

खाली तातोबांनी दाराला आतून कडी घातली.
मग, रोजच्यासारखी,
लागली का बघायला हलवली.