दोन पट्ट्या

दुपारी तीनला आठ जीबीची नवी पट्टी बसवली
आणि पडदा काळाच राहिला.
पंखा फिरतोय, हिरवा दिवा जळतोय,
आतून मात्र एक लांब हाक, तीन आखूड.
थांबून, पुन्हा एक लांब, तीन आखूड.

खानापुरात स्टेशन रोडला माझं डीटीपीचं दुकान.
आत एक लग्नपत्रिका अडकून पडली आहे.
डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी,
दोघांत मिळून एकच गणपती.
सहाच्या बसने ती बेळगावला छापायला जायची.

मल्लेशी हुद्दार येतो, चप्पल दाराबाहेर काढतो,
आत कुणी आजारी निजल्यासारखा.
कान लावून मोजतो: ओंदु, एरडु, मूरु.
मीही मोजते.
"मेमरीच," म्हणतो. "ह्याला काय आठवेना झालंय."
"अरे, आत्ताच वाढवली की!"
"म्हणूनच की ओ अक्का."

वायर काढली. बटण दाबून धरलं,
उरलीसुरली वीज जाऊ दे म्हणून.
डबा आडवा केला तर आत कौलांची तांबडी धूळ,
बोटावर घेतली तर कुंकवासारखी.
त्यानं खिशातून लेकीचं खोडरबर काढलं,
एका कोपऱ्याला चावलेलं,
आणि पट्टीचे सोनेरी दात घासत बसला,
हळू, एकाच दिशेनं.
शाळेचा वास आला दुकानात.

जुनी एकटी लावली: चालू.
नवी एकटी लावली, दुसऱ्या खाचेत,
दोन्ही कानांची टक्‌ टक्‌ ऐकू येईतो दाबून: चालू.
दोघी मिळून: एक लांब, तीन आखूड.
"दोघी शाण्या," मी म्हटलं,
"घरात मात्र पटत नाही."
तो हसला नाही. पट्ट्यांवरचे बारीक आकडे
मोबाईलच्या उजेडात वाचत होता.
"नवी सोळाशेनं पळतीय. जुनी तेराशे तेहतीस.
सल्प तडी."

मग त्यानं रुपयाएवढा सेल नखानं उचकटला,
टेबलावर ठेवला, आणि आम्ही चहा घेतला.
मशीनला काही म्हणजे काही आठवू नये
इतका वेळ.
चार वाजून गेले. पाच.
समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटला, परत चढला.

सेल बसवला. दोघी बसवल्या.
चाल जुनीच्या मापाची ठरवून दिली.
एकच आखूड हाक आली,
"ओ" दिल्यासारखी, आणि पडदा उजळला.

पत्रिका जशीच्या तशी होती. गणपतीही.
साडेपाच झाले होते.
घाईघाईत मल्लेशीला पावती छापून दिली,
तो बराच वेळ ती बघत राहिला.
तारीख पडली होती: एक जानेवारी दोन हजार नऊ.

त्या दिवशी ही नवी पट्टी कुठल्या कारखान्यात
जन्मलीही नव्हती.
मल्लेशी दहावीच्या गणिताला घाबरत होता.
पत्रिकेतली नवरी तिसरीत असेल,
कुठल्या भाषेच्या शाळेत, ते मी विचारलं नाही.

"राहू दे," तो म्हणाला, पावती घडी घालत,
"पैसे तेव्हाच्या भावानं घेतो."
आणि पन्नास रुपये परत ठेवून गेला.
बस सुटली होती. मी पेन ड्राइव्ह घेऊन
रिक्षामागे धावले.
घड्याळ लावायचं अजून राहूनच गेलंय.